लेखकदादांनी दिलेली म्हैस

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि लोकांनी सुताराकडे येणं बंद केलं. नांगर मोडला तर मोडू दे, जमीनच दगड झालीय. दार कुरकुरतंय तर कुरकुरू दे, कोण येतंय चोरायला. सुतार रोज सकाळी उठून पटाशीला धार लावायचा, रंध्याचं पातं काढून पुसायचा, परत बसवायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा.

"अशानं हत्यारं झिजून जातील," बायको म्हणायची. "काम नसताना धार कशाला?"

"काम आलं तर?"

"आलं की लावा. धार लावेपर्यंत पळून नाही जायचं ते."

घरात तिसरी सुताराची आई. म्हातारी तापातून उठली होती, पण उठली म्हणजे नुसती बसती झाली होती. डॉक्टरनं सांगितलं, दूध द्या. म्हातारी डॉक्टरलाच म्हणाली, "तुमच्याकडे आहे का? मग पाठवून द्या." डॉक्टर हसला आणि गोळ्या लिहून दिल्या.

अशा दिवसांत एक काम आलं, आणि तेही लेखकदादांकडून.

लेखकदादा मूळचे ह्याच गावचे. बाप खाणीत दगड फोडायचा. तो गेल्यावर पोरगा ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढच्या ट्रकच्या पाठीवर जे लिहिलेलं असेल ते ड्रायव्हरला विचारून विचारून अक्षरं शिकला. त्यामुळे बरीच वर्षं त्याला वाटायचं, लिहिणं म्हणजे मागून येणाऱ्याला सावध करणं. पुढे स्वतः ड्रायव्हर झाला. माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये बसून लिहायला लागला. रस्त्यावरच्या माणसांच्या त्या गोष्टी अशा खपल्या की एसटी स्टँडवरच्या हमालापासून कॉलेजातल्या प्रोफेसरापर्यंत सगळे त्याला ओळखायला लागले. केस पिकल्यावर लेखकदादा गावात परत आले, चार खोल्यांचं घर बांधलं आणि तिथेच लिहीत राहिले.

गाव त्यांना पाठीमागे अजून 'क्लीनर'च म्हणायचं. तोंडावर मात्र 'लेखकदादा', कारण दादांचा हात सैल होता. कुंभाराच्या मुलीचं नर्सिंगचं सगळं शिक्षण त्यांनी केलं. शाळेला पाण्याची टाकी दिली. आणि दारात कुणी तोंड पाडून उभा राहिला की हाताला लागेल ते उचलून द्यायचे. एकदा पायातल्या चपला देऊन अनवाणी घरी आले. एकदा गादी देऊन टाकली, तेव्हा तिच्यावर त्यांचे मेहुणे झोपलेले होते.

"रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं," ते म्हणायचे. "कुणाची आहे, का बंद पडली, ते नंतर."

सुतार म्हणजे त्यांचा भक्त. चौथी नापास माणूस, पण आयुष्यात एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, ते त्यांचं. त्यात काम शोधायला निघालेला एक सुतार ट्रकमध्ये बसतो आणि त्याच्या शर्टाला ओल्या लाकडाचा वास येत असतो, असं एक वाक्य होतं. ते वाचून सुतारानं स्वतःचा शर्ट नाकाला लावून पाहिला होता. आपल्या वासाबद्दल कुणी छापतं, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.

तर लेखकदादांच्या खिडक्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. सुतारानं त्या इतक्या जीव लावून केल्या की उघडताना आवाज येईना आणि लावताना वारा येईना. काम झाल्यावर लेखकदादांनी मजुरी पुढे केली. सुतार दोन पावलं मागे सरकला.

"तुमच्याकडून घेऊ? हात झडतील माझे."

"अरे, मग घर कसं चालवतोस?"

"चालतंय."

"आई कशी आहे?"

"बरी आहे. दूध द्या म्हणतात डॉक्टर. डॉक्टरांना काय, म्हणायला काय जातंय."

एवढं बोलून सुतार घरी आला आणि मजुरी घेतली नाही हे त्यानं बायकोला छाती काढून सांगितलं.

"हात झडतील म्हणे!" बायको म्हणाली. "आणि न घेता पोटं झडतील, त्याचं काय?" त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढलं ते म्हातारीच्या हातून पुढे सरकवलं.

दोन-चार दिवसांनी दुपारी गल्लीच्या तोंडाशी ट्रक येऊन उभा राहिला. गल्ली अरुंद, त्यातून ट्रक मागं मागं घ्यायचा. पुढून लेखकदादा उतरले. पांढरा सदरा, डोळ्यांवर चष्मा. पण ट्रक मागं सरकायला लागला आणि त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. एका हातानं ट्रकच्या फळीवर थापा मारत ते ओरडायला लागले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे! डावीकडे काट! अजून! भिंत आहे भिंत! येऊ दे... बास!" शेवटची थाप अशी जोरात मारली की शेजाऱ्यांच्या कोंबड्या छपरावर चढल्या. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की पुस्तकांना बक्षिसं मिळाली तेव्हाच्या फोटोतसुद्धा तो दिसला नव्हता.

फळी पडली. आत म्हैस.

"मजुरी घेत नाहीस ना?" लेखकदादा म्हणाले. "मग ही आईला. रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं पाळलेली आहे. मोठी गुणाची आहे."

सुताराला हुंदका आला. त्यानं खाली वाकून लेखकदादांच्या पायांना हात लावला. म्हैस एवढ्यात फळीवरून उतरली, सरळ कामाच्या पडवीत शिरली आणि विणायला ठेवलेल्या खुर्चीचा सुंभ खाऊ लागली.

बायको दारात उभी होती. म्हशीकडे बघून ती हळूच म्हणाली, "हिला खायला काय घालायचं?" पण ट्रक सुरू झाला होता, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सुताराकडे ना शेत, ना बांध. गावात कडबा सोन्याच्या भावानं गेला होता. पहिल्या दिवसापासून नवराबायकोची वणवण सुरू झाली. पहाटे तो कोरड्या ओढ्याकडे जायचा, काठाकाठानं विळा चालवत जे हिरवं दिसेल ते कापायचा. हिरवं म्हणजे गवत कमी, काटे जास्त. बायको टँकरच्या रांगेत. पूर्वी दोन हंड्यांत घर भागायचं. आता हंडे आणायची, म्हैस एका दमात रिकामे करायची आणि वर बघायची. आंघोळी बंद झाल्या. म्हातारी म्हणाली, "मला काही फरक नाही, मी तशीही करत नव्हते."

आणि म्हैस दूध देईना. सुतार खाली बसला की ती पाय झाडायची. बायको बसली की शेपटी तोंडावर मारायची. गोंजारून झालं, पेंड झाली, शिव्या झाल्या. आचळं ओढून ओढून बायकोची बोटं सुजली. एके दिवशी ती रडकुंडीला आलेली असताना बाहेरून एक जीप जोरात हॉर्न वाजवत गेली आणि म्हशीनं एकदम पान्हा सोडला. बादलीत धारांचा आवाज घुमला. नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली.

"हॉटेलामागं वाढलेली ना," सुतार म्हणाला. "गाड्या थांबायच्या वेळेला धार काढत असतील."

मग सुतारानं सायकलवाल्याकडून रबरी भोंपू आणला. रोज सकाळ-संध्याकाळ बायको बादली घेऊन बसायची, सुतार पाठीमागे उभा राहून पों पों करायचा, आणि गल्लीतली माणसं घड्याळं लावून घ्यायची. पोंक्षा म्हणून चिडवायला लागले त्याला. पण म्हातारीला दूध मिळालं. गालांवर रंग आला. काठी टेकत ती उंबऱ्यापर्यंत यायला लागली, आणि उंबऱ्यापर्यंत आली तशी तिची जीभही घरभर फिरायला लागली.

लेखकदादा आठवड्यातून एकदा तरी यायचे. उपड्या घमेल्यावर बसायचे.

"कशी आहे?"

"एकदम मजेत," सुतार सांगायचा.

"खाते का नीट?"

"लाजत नाही मुळीच."

हे खरं होतं. लाजत नव्हती. पण दिवस जसे कोरडे होत गेले तसं ओढ्याकाठचं हिरवं संपलं. सुतार झाडावर चढून पाला तोडायला लागला, एकदा फांदीसकट खाली आला आणि पाठ धरून आठवडाभर वाकून चालला. त्या आठवड्यात एका शेतकऱ्यानं बैलगाडीच्या चाकाचं काम आणलं होतं, ते दुसऱ्या गावच्या सुताराकडे गेलं. म्हशीच्या फासळ्या मोजता यायला लागल्या. दूध कपावर आलं, मग तेही थांबलं. भोंपू वाजवला की ती फक्त मान वळवून सुताराकडे बघायची, आता काय देऊ असं.

"दूधवाला घ्यायला तयार आहे," बायको म्हणाली. "त्याच्या भावाकडे पाण्याचं रान आहे. तिकडे जगेल तरी. देऊन टाका."

"लेखकदादांनी दिलेली म्हैस विकू?"

"मग लेखकदादांना सांगा, वैरण नाही म्हणून."

"ते लगेच वैरण पाठवतील!"

"मग?"

"मग म्हणजे? त्यांनी अजून किती द्यायचं? माणूस चांगला आहे म्हणून त्याला पिळायचं का? बाकीचं गाव पिळतंयच. मी त्यातला नाही."

"तुम्ही त्यातले नाही," बायको म्हणाली, "तुम्ही म्हशीला पिळताय. आणि मला." ती विळा घेऊन निघून गेली. सुतार बराच वेळ रंध्यावरचा नसलेला भुसा झटकत बसला.

एका दुपारी गल्लीच्या टोकाला पांढरा सदरा दिसला. सुतार धावत आत आला. "आले! फासळ्या दिसतील! काहीतरी टाका तिच्यावर!" बायकोनं जुनी गोधडी ओढून म्हशीच्या पाठीवर टाकली. बाहेर ऊन असं की डांबर वितळत होतं.

लेखकदादा घमेल्यावर बसले. "ही गोधडी कशाला?"

"थंडी वाजते तिला," सुतार म्हणाला.

"ह्या उन्हात?"

"आतून," सुतार म्हणाला.

लेखकदादांनी मान डोलवली. एवढी पुस्तकं लिहिलेला माणूस, पण म्हशीच्या आतल्या थंडीबद्दल त्याला काय माहीत असणार. "चहा दे बाबा," ते म्हणाले. "तिच्या दुधाचा. आज मुद्दाम त्यासाठीच आलो."

बायको मागच्या दारानं शेजारणीकडे पळाली. शेजारणीकडे शेळी. वाटीभर दूध उसनं घेऊन आली, आलं ठेचून घातलं, वास मारायला थोडं जास्तच घातलं. लेखकदादांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वा! लगेच कळतं बघ. रस्त्यावरचं दूध वेगळंच. ह्या चवीवर मी अर्धं आयुष्य काढलंय."

सुतारानं खाली बघितलं. बायकोनं वर बघितलं. आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "शेळीचं आहे ते."

सुतारानं आईकडे बघून डोळे वटारले.

"म्हैस आटलीय," म्हातारी पुढे म्हणाली. "खायलाच नाही तर देईल काय? गोधडी काढा की. माणसाला दिसू दे त्याची म्हैस."

बायकोनं पुढे होऊन गोधडी काढली. लेखकदादांच्या हातातली बशी तशीच राहिली. सुताराला वाटलं, करवत घ्यावी आणि पायाखालची जमीन कापून खाली जावं.

"मला सांगितलं का नाहीस?" लेखकदादांनी विचारलं. विचारलं सुताराला, पण उत्तर बायकोनं दिलं.

"कसं सांगणार? देताना तुम्ही इतके खूश होता की घेणाऱ्याला नको म्हणवत नाही. शिंपिणीला तुम्ही मशीन दिलंत. तिला दोरा ओवता येत नाही, मोतीबिंदू आहे. तुम्ही दिसलात की नुसतंच पाय मारते मशीनवर, तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

लेखकदादांचे कान लाल झाले. "म्हणजे मी देतो ते लोकांना ओझंच होतं?"

"ओझं झालं," बायको म्हणाली. "पण सासूबाई ह्याच दुधावर उठून बसल्या, नाहीतर आज बोलल्या नसत्या. कुंभाराची मुलगी नर्स झाली, तीही तुमच्यामुळेच. ते खरं आणि हेही खरं. तुम्ही थांबता, ते चांगलंच. पण गाडीत काय बिघडलंय ते विचारत नाही. क्लीनर होता ना तुम्ही?"

तोंडावर क्लीनर! सुतारानं डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा लेखकदादा उठून उभे होते. त्यांनी उरलेला चहा उभ्यानं संपवला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेले.

त्या दिवशी सुतार जेवला नाही. "देवमाणसाचा अपमान केलात तुम्ही दोघींनी," एवढंच म्हणत राहिला. म्हातारी म्हणाली, "जेवत नसशील तर ताट इकडे सरकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला सायकल दामटत आला. "अहो, तुमचे लेखकदादा मोठ्या रस्त्यावर मधोमध उभे आहेत! हात पसरून! ट्रक अडवताहेत!"

सुतार होता तसा पळाला. खरंच होतं. पाण्याच्या मुलखात माल घेऊन जाणाऱ्या आणि तिकडून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचा तोच रस्ता. लेखकदादा एकेक गाडी थांबवत होते, पायरीवर पाय देऊन केबिनपर्यंत चढत होते. "परत येताना रिकामा येऊ नकोस. उसाचं वाढं आण, कडबा आण, जे मिळेल ते. पैशाचं मी बघतो. गावातली जनावरं मरायला लागलीत." काही ड्रायव्हरांनी त्यांची पुस्तकं वाचली होती. काहींनी नुसता फोटो पाहिला होता. एकानं ओळखलंच नाही. त्यानं अशी कचकचीत शिवी हासडली की सुतार मुठी आवळून पुढे सरला. लेखकदादांनी त्याला मागं ओढलं. "राहू दे. किती वर्षांनी ऐकली. पुस्तकात लिहू देत नाहीत ही."

शिवी देणाराच पहिला वैरण घेऊन आला.

शाळेच्या मैदानावर छावणी उभी राहिली. गावातली सगळी जनावरं तिथे आली, सुताराची म्हैसही. वैरण वाटायला लेखकदादांनी सुताराच्या बायकोला उभं केलं. "ही विचारल्याशिवाय कुणाला काही देणार नाही," ते म्हणाले. आणि ती खरंच देत नव्हती. दोन जनावरं असून तीन जनावरांची वैरण मागणाऱ्या सरपंचाच्या मेहुण्याला तिनं म्हटलं, "तिसरं घेऊन या. मी इथेच आहे." शिंपिणीला मात्र तिनं आपण होऊन शहराच्या गाडीत बसवलं, नर्स झालेल्या कुंभाराच्या मुलीकडे. डोळ्याचं काम झालं. मग मशीन खरंच चालायला लागलं.

सुताराला काम होतं गव्हाणींचं. मैदानाच्या कडेनं लांबच्या लांब गव्हाणी. रंधा चालला, करवत चालली, शर्टाला पुन्हा वास यायला लागला. पहिल्या आठवड्याची मजुरी लेखकदादांनी पुढे केली, तसा सुतार सवयीनं मागे सरकला. त्याच्या मागून एक हात पुढे आला.

"इकडे द्या," बायको म्हणाली. "त्यांचे हात झडतात. माझे घट्ट आहेत."

लेखकदादा मोठ्यांदा हसले. तेव्हापासून मजुरी तिच्याच हातात पडत गेली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. जनावरं आपापल्या दारात गेली. छावणीचे उरलेले वासे, फळ्या कुठे ठेवायच्या ते विचारायला सुतार लेखकदादांच्या घरी गेला. दार उघडंच होतं. आत लेखकदादा फरशीवर मांडी घालून बसले होते आणि एका पालथ्या खोक्यावर कागद ठेवून लिहीत होते. खोकं डुगडुगत होतं. त्याच्याबरोबर अक्षरंही.

"टेबल कुठंय?"

"त्या नव्या मास्तरीणबाईंना दिलं. वह्या तपासायला त्यांना काहीच नव्हतं."

"विचारून दिलं का?"

"विचारून दिलं," लेखकदादा अभिमानानं म्हणाले. "तुझ्या बायकोला."

सुतारानं जाता जाता दाराची चौकट वितीनं मोजली. दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन आला आणि त्या खोलीतच काम मांडलं. आपल्या घरात जपून ठेवलेली जुन्या शिसवीची फळी आणली. काम चालू असताना लेखकदादांना त्यानं खोलीत येऊ दिलं नाही. बायको जेवणाचा डबा घेऊन आली, दारातून आत बघितलं, मग दाराच्या चौकटीकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसत परत गेली.

टेबल झालं तेव्हा लेखकदादा आत आले. त्यांनी दोन्ही तळहात लाकडावर ठेवले. गार, गुळगुळीत, एवढं रुंद की पलीकडच्या काठाला हात पुरत नव्हता.  त्यांना कुणी काही दिल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि घ्यायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. कुणी वस्तू पुढे केली की सुतार जसा मागे सरके तसेच तेही एक पाऊल मागे सरकले.

"मजुरी..." ते म्हणाले.

"हात झडतील माझे," सुतार म्हणाला, आणि ह्या वेळेस दारात उभी असलेली बायकोही मधे पडली नाही.

लेखकदादांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग दाराकडे बघितलं, परत टेबलाकडे बघितलं. "अरे, हे बाहेर कसं निघणार?"

"निघत नाही," सुतार म्हणाला. "आडवं नाही, उभं नाही, तिरकंही नाही. पाय आतून ठोकलेत. मोजून बघितलंय मी."

लेखकदादा बराच वेळ हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि त्या टेबलाशी बसले. खिडकी उघडी होती आणि तिचा आवाज येत नव्हता.

महिना गेला असेल नसेल. सकाळी सुतार पडवीत खुर्ची विणत होता. दूधवाल्यानं सायकल थांबवली.

"लेखकदादांचा निरोप आहे. चुलीपाशी जमिनीवर वही ठेवून अभ्यास करणाऱ्या दोन बहिणी आल्या होत्या म्हणे त्यांच्याकडे. दादा विचारताहेत, दाराची चौकट रुंद करून द्यायला किती दिवस लागतील?"

सुतारानं सुंभाची गाठ घट्ट ओढली. आतून बायकोचा आवाज आला, "सांगा त्यांना, बहिणींचं टेबल उद्या तयार होईल. आणि त्या चौकटीला हात लावला, तर म्हैस परत पाठवेन."